सरकत्या वाळूचे नियम: अमेरिकेतले राखीव समुद्रकिनारे समजून घेताना

अमेरिकेत समुद्रावर जायचे तर आधी तो किनारा कोणाचा हे पाहावे लागते. कोकणात गावातली एखादी पाखाडी धरून खाली उतरले की पुळण लागते, आणि तिथे सहसा कोणी अडवत नाही. अमेरिकेत राज्य बदलले की उत्तर बदलते. टेक्सासने १९५९ साली कायदा करून गल्फचे, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताचे, किनारे लोकांना खुले ठेवले. ओरेगनने १९६७ मध्ये तसेच केले. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र १६४७ सालचा, इंग्रजी वसाहतीच्या काळातला नियम अजून चालतो. किनाऱ्यालगतच्या जमिनीची मालकी तिथे ओहोटीच्या रेषेपर्यंत जाऊ शकते. मासे धरायला, पक्षी टिपायला किंवा होडी न्यायला त्या पट्ट्यातून जाता येते. नुसते फिरायला किंवा टॉवेल पसरून बसायला मात्र मालकाची परवानगी लागते.

हे माहीत नसलेला माणूस मुलाबाळांसह गाडी घेऊन निघतो. समुद्र डोळ्यांसमोर असतो आणि उतरायला जागा मिळत नाही. एका वाटेवर 'खासगी' अशी पाटी, दुसऱ्या वाटेवर गाडी लावायला गावच्या रहिवाशांचा स्टिकर लागतो. म्हणूनच केंद्र सरकारने राखलेले किनारे, म्हणजे नॅशनल सीशोर, मला फार मोलाचे वाटतात. तिथे वाळू सगळ्यांची आहे. पण तिथले नियम पहिल्यांदा जाणाऱ्याला बुचकळ्यात टाकतात. ऐन उन्हाळ्यात अर्धा किनारा दोरी लावून बंद असतो, खायला-प्यायला काही मिळत नाही, गाडी लांब लावून चालावे लागते. या सगळ्यामागची कारणे कळली तर सहलीची मजाही वाढते आणि मनस्तापही वाचतो. त्यासाठीच हा लेख.

दहा किनारे आणि एक आकडा

१९५५ साली नॅशनल पार्क सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याने, अटलांटिक आणि गल्फच्या किनाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे ३,७०० मैलांपैकी लोकांच्या विरंगुळ्यासाठी केंद्र किंवा राज्य सरकारच्या ताब्यात होते ते फक्त २४० मैल, म्हणजे साडेसहा टक्के. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी गाड्या आल्या होत्या, पूल आणि रस्ते झाले होते, आणि किनाऱ्यांचे भूखंड पडून झपाट्याने विकले जात होते. थोडी वर्षे आणखी गेली असती तर राखायला काही उरले नसते.

नॉर्थ कॅरोलायनातल्या केप हॅटरसला संसदेची मंजुरी १९३७ मध्येच मिळाली होती, पण जमीन गोळा होऊन ते प्रत्यक्षात यायला १९५३ उजाडले. बाकीचे नऊ १९६१ ते १९७५ या काळात झाले: मॅसॅच्युसेट्सचे केप कॉड, कॅलिफोर्नियाचे पॉइंट रेज, टेक्सासचे पाद्रे आयलंड, न्यूयॉर्कचे फायर आयलंड, मेरिलँड आणि व्हर्जिनिया यांच्यात वाटलेले असाटीग, नॉर्थ कॅरोलायनाचे केप लुकआउट, फ्लोरिडा-मिसिसिपीचे गल्फ आयलंड्स, जॉर्जियाचे कंबरलँड आयलंड आणि फ्लोरिडाचे कॅनव्हरल. त्यानंतर एकही नवे झालेले नाही. पॅसिफिकच्या बाजूला यांतले एकटे पॉइंट रेज आहे.

मोठ्या सरोवरांच्या काठी याच धर्तीचे नॅशनल लेकशोर आहेत. अकेडिया, ऑलिंपिक, चॅनेल आयलंड्स, एव्हरग्लेड्स ही किनारा लाभलेली नॅशनल पार्क वेगळी. कारभार एकाच खात्याचा, पण सीशोरचे कायदे करतानाच पोहणे, मासेमारी, काही ठिकाणी मोसमात शिकार, अशा गोष्टींना जागा ठेवलेली होती. लोकांनी इथे यावे, मजा करावी, आणि तरी किनारा जसाच्या तसा राहावा, अशी दोन्ही बाजूंची ओढ या कायद्यांत पहिल्या दिवसापासून आहे. आजचे बहुतेक वाद तिथूनच निघतात.

बेट जागेवर का राहत नाही

अटलांटिक आणि गल्फकडची बहुतेक सीशोर बॅरियर आयलंडवर आहेत. ही मुख्य भूमीला समांतर पसरलेली, लांबच लांब आणि अरुंद अशी वाळूची बेटे. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला उथळ खाडी. आपल्या कोकणच्या जांभ्याच्या कड्यांशी आणि काळ्या कातळाशी यांचे काहीच साम्य नाही. सगळा मामला वाळूचा.

लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सतत वाहत असते. एका ठिकाणची वाळू जाते आणि वरच्या बाजूने नवी येते. हे रोजचे. मोठ्या वादळात याहून वेगळे काही घडते. लाटा बेट ओलांडून पलीकडे जातात आणि समुद्राकडची वाळू खाडीच्या बाजूला नेऊन टाकतात. पुढचा काठ झिजतो, मागचा वाढतो, आणि मागे पडलेल्या नव्या वाळूवर खाऱ्या पाण्यातले गवत रुजते. चटई गुंडाळत पुढे ढकलावी तसे अख्खे बेट मुख्य भूमीच्या दिशेने सरकते. हजारो वर्षे समुद्राची पातळी चढत आली तरी ही बेटे बुडाली नाहीत, ती अशी मागे सरकत आल्यामुळे.

या सरकण्याने कोणाचेच नुकसान होत नसते, जोवर वाटेत घर किंवा रस्ता नसतो.

केप हॅटरसचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. १९३० च्या मंदीच्या दशकात बेरोजगारांना काम देण्याच्या सरकारी योजनांतून इथे वाळूच्या टेकड्यांची लांबलचक रांग उभारली गेली, तिच्यावर गवत लावले गेले. समुद्र अडवायचा, बेट वाचवायचे, हा हेतू चांगलाच होता. पण उंच टेकड्यांमुळे वादळातली वाळू मागे जाईना. समुद्राकडची झीज चालूच राहिली आणि खाडीकडची भर थांबली. बेट अरुंद होऊ लागले. हे लक्षात आल्यावर १९७० च्या दशकात पार्क सर्व्हिसने टेकड्या राखण्याचे ते धोरण सोडून दिले. सरकारी खात्याने चाळीस वर्षांची वाट बदलणे सोपे नसते. त्यांनी ती बदलली, याबद्दल मला आदर वाटतो.

इथले दीपगृह १८७० साली बांधले. सुमारे ६० मीटर उंच, विटांचे, काळ्या-पांढऱ्या वळशांच्या पट्ट्यांचे. तेव्हा समुद्र ४५० मीटर लांब होता. १९९० चे दशक संपत आले तेव्हा पाणी चाळीस मीटरच्या आत आले होते. मधल्या काळात बांध घालून झाले, वाळूची पोती रचून झाली. शेवटी एकच प्रश्न उरला: समुद्राला हटवायचे की दीपगृहाला? १९८८ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या तज्ज्ञांनी दीपगृह हलवण्याचा सल्ला दिला होता. विटांचा मनोरा वाटेत तडकेल अशी भीती होती, गावात विरोधही खूप झाला. १९९९ मध्ये चार हजार टनांहून जड असलेली ती इमारत जॅकवर उचलून, पोलादी रुळांवरून, २३ दिवसांत सुमारे ८८० मीटर आत नेली. आज ती समुद्रापासून जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे, जेवढी १८७० मध्ये होती. हॅटरसला गेलात तर जुनी जागाही जरूर पाहा. दोन्ही जागांमधले अंतर पायी चालले की इतकी मोठी वास्तू एवढे अंतर सरकवली हे खऱ्या अर्थाने ध्यानात येते.

घरांच्या नशिबी हे येत नाही. त्याच पट्ट्यातल्या रोडँथी आणि बक्स्टन या गावांत २०२० पासून दोन डझनांहून अधिक घरे समुद्रात कोसळली आहेत. बांधली तेव्हा ती पाण्यापासून लांब होती. घर पडले की खिळे, काचा, लाकडे, मैल्याच्या टाकीतली घाण, सगळे कित्येक किलोमीटर किनाऱ्यावर पसरते आणि तेवढा पट्टा लोकांसाठी बंद करावा लागतो. २०२३ मध्ये पार्क सर्व्हिसने अशी दोन घरे विकत घेऊन, पडण्याआधीच पाडून टाकली. त्या भागात अनवाणी चालू नये, हे मी मुद्दाम सांगते.

असाटीग: वादळाने वाचवलेले बेट

एकच सीशोर पाहायचे असेल तर मी असाटीग सुचवेन. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरकडून काही तासांच्या अंतरावर असलेले हे सुमारे ६० किलोमीटर लांबीचे बेट. वाळूचे सगळे शास्त्र इथे डोळ्यांनी दिसते.

१९३३ पर्यंत हे बेट उत्तरेकडच्या ओशन सिटी गावाला जोडलेले होते. त्या ऑगस्टमधल्या चक्रीवादळाने मध्ये वाट फोडली. गावाला बंदरासाठी ती वाट हवीच होती, म्हणून ती उघडी राहावी यासाठी दगडी बांध घातले गेले. उत्तरेकडून वाहत येणारी वाळू त्या बांधांपाशी अडली. ओशन सिटीचा किनारा रुंदावला आणि असाटीगचे उत्तर टोक वाळूसाठी आसुसले. ते मागे सरकू लागले, इतके की आज ते जवळजवळ आपल्या रुंदीएवढे पश्चिमेला गेले आहे. ओशन सिटीच्या टोकावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की एकेकाळी सरळ असलेली किनाऱ्याची रेषा तुटून आत गेलेली स्पष्ट दिसते. २००४ पासून यंत्राने वाळू उपसून या टोकाजवळ आणून टाकली जाते. निसर्गाचे अडवलेले काम माणूस आता वर्षातून दोनदा स्वतः करतो.

१९५० च्या दशकात या बेटावर बंगल्यांचे गाव वसवायचे बेत होते. हजारो भूखंड पाडले गेले, 'बाल्टिमोर बुलेव्हार्ड' नावाचा डांबरी रस्ता झाला. मार्च १९६२ मध्ये अॅश वेन्सडेच्या वेळी आलेल्या वादळाने भरतीमागून भरती बेटावर चढवली. रस्ता फुटला, बांधलेली घरे बहुतेक गेली, आणि इथे गाव वसवणे शहाणपणाचे नाही हे सरकारला पटले. १९६५ मध्ये असाटीग नॅशनल सीशोर झाले. त्या डांबरी रस्त्याचे तुकडे अजून वाळूत दिसतात. टेकड्यांमधून जाणारी एक छोटी पायवाट त्यांच्याजवळूनच जाते.

असाटीगला बहुतेक लोक जातात ते मोकळ्या फिरणाऱ्या घोड्यांसाठी. राज्याच्या सीमेवर कुंपण आहे आणि घोड्यांचे दोन कळप आहेत. व्हर्जिनियाकडचा कळप शिंकोटीग गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा. दरवर्षी जुलैच्या अखेरीस हे घोडे खाडी पोहून गावात आणले जातात, काही शिंगरांचा लिलाव होतो आणि त्या पैशांवर दलाचा खर्च चालतो. मेरिलँडकडचा कळप पार्क सर्व्हिस सांभाळते. तिथे लिलाव नाही, औषधपाणी नाही, चारा नाही. बेटावरचे गवत मर्यादित असल्यामुळे संख्या आवरायला १९९० च्या दशकापासून घोड्यांना लांबून डार्टने गर्भनिरोधक लस दिली जाते.

घोड्यांपासून निदान ४० फूट लांब राहावे, असा नियम आहे. आपल्याकडे गाई-गुरांना हात लावायची, पोळी भरवायची सवय असते, मुलांना तर फारच. इथे ते करू नका. खाऊ मिळतो हे कळले की घोडे रस्त्यावर, गाड्यांजवळ येऊन थांबतात आणि धडकेत मरतात. ते चावतात आणि लाथाही मारतात. तंबूतले खाणे बंद गाडीत ठेवावे.

बेटाचा कारभार तिघांकडे आहे, हेही आधी कळलेले बरे. मेरिलँडकडे पार्क सर्व्हिस, तिला लागून राज्य सरकारचे वेगळे स्टेट पार्क, आणि व्हर्जिनियाकडे वन्यजीव खात्याचे १९४३ पासूनचे अभयारण्य. केंद्राचा वार्षिक पास सीशोरला आणि अभयारण्याला चालतो, स्टेट पार्कला नाही. बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला थेट गाडीरस्ता नाही. मुख्य भूमीवर परत येऊन मोठा वळसा घ्यावा लागतो. आणि उन्हाळ्यात डास! खाडीकडून वारा आला की त्यांचा थवा येतो. लांब बाह्यांचे कपडे हवेतच.

दोरी कशासाठी

पायपिंग प्लोव्हर नावाचा एक छोटा, वाळूच्याच रंगाचा पक्षी आहे. अटलांटिक किनाऱ्यावरची त्याची जात १९८६ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आली. तो झाडावर किंवा गवतात घरटे करत नाही. उघड्या पुळणीवर किंचित खळगा करून तिथेच अंडी घालतो. पिल्ले अंड्यातून निघाली की काही तासांतच स्वतःच्या पायांनी ओल्या वाळूकडे किडे टिपायला धावतात. आई-बाप त्यांना चारा आणून भरवत नाहीत. म्हणून नुसत्या घरट्याभोवती कुंपण घालून भागत नाही, घरट्यापासून पाण्यापर्यंतची वाट मोकळी ठेवावी लागते. गाडीच्या चाकोरीत सापडलेल्या पिल्लाला वर चढता येत नाही. साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत किनाऱ्याचे पट्टे बंद असतात ते यामुळे, आणि नेमका हाच सुटीचा मोसम.

हॅटरसला या प्रश्नावर मोठा संघर्ष झाला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक वाळूवर गाडी नेऊन गळ टाकतात. २००७ मध्ये निसर्गसंवर्धन संस्था न्यायालयात गेल्या, २००८ मध्ये तडजोड झाली, आणि २०१२ मध्ये कायमचे नियम आले: वाळूवर गाडीसाठी परवाना, काही पट्टे फक्त पायी येणाऱ्यांसाठी, काही मोसमापुरते बंद. गावकऱ्यांचा राग मला समजतो. त्यांचे पोट पाहुण्यांवर आहे. पण गाडीला पर्यायी वाट मिळू शकते, त्या पक्ष्याला मिळत नाही, म्हणून माझे मत दोरीच्या बाजूने आहे. वाळूवर गाडी न्यायचीच असेल तर चाकांतली हवा कमी करावी लागते, फावडे आणि दोर जवळ ठेवावे लागतात. भाड्याच्या गाडीने हे करू नये. बहुतेक करारांत ते चालत नाही, आणि फसलेली गाडी ओढून काढायचा खर्च खिशातून जातो.

कासवांची गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही. वेळास आणि आंजर्ल्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडलेची अंडी बांबूच्या कुंपणात जपतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याच कुळातले केम्प्स रिडले हे गल्फमधले कासव. १९८५ मध्ये त्याची जगभरात मिळून ७०२ घरटी उरली होती. त्याआधीच, १९७८ पासून, मेक्सिकोतून अंडी आणून टेक्सासच्या पाद्रे आयलंडवर त्याची नवी वसाहत उभी करायचे प्रयत्न सुरू झाले होते. वाळूची ऊब ठरवते की पिल्लू नर होणार की मादी. जास्त उष्ण वाळूत माद्या होतात. म्हणून अंडी सांभाळणाऱ्यांना तापमानाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

पाहुण्याने यात करायच्या गोष्टी लहान आहेत. मुलांनी खणलेले खड्डे निघताना बुजवावेत, कारण पिल्ले आणि कधी मोठी मादीही त्यांत अडकते. रात्री किनाऱ्यावर पांढरा उजेड करू नये. टेकड्यांवरच्या गवतातून न चालता लाकडी वाटेनेच जावे. ते गवत वाऱ्याने उडणारी वाळू धरून ठेवते, पण पायाखाली तुडवले गेले की मरते.

लोकवस्तीतले पार्क

केप कॉडचा कायदा १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सही करून आणला. त्यांचे घरही केप कॉडवरच होते, आणि सिनेटर असताना त्यांनी या विधेयकाला साथ दिली होती. अडचण अशी की त्या पट्ट्यात सहा गावे आणि शेकडो घरे होती. लोकांना उठवायचे नव्हते. मग तोड निघाली: गावांनी पार्कला साजेसे बांधकामाचे नियम करावेत, ते पाळले जात आहेत तोवर जुन्या घरांची सक्तीने खरेदी होणार नाही. त्यामुळे आजही पार्कच्या हद्दीत खासगी घरे, त्यांच्या वाटा आणि गावांचे स्वतःचे बीच आहेत. पार्क सर्व्हिसचे पोहण्याचे सहा बीच वेगळे. उन्हाळ्यात त्यांचे वाहनतळ सकाळीच भरतात, म्हणून लवकर निघावे.

इथला वाळूचा कडा वर्षाला सरासरी मीटरभर मागे जातो. १९०३ मध्ये मार्कोनीच्या ज्या केंद्रातून थिओडोर रूझवेल्ट यांचा संदेश बिनतारी यंत्रणेने इंग्लंडच्या राजाला गेला, त्याची जागा बहुतेक समुद्रात गेली आहे.

सील आणि शार्क हा तिथला ताजा विषय. मॅसॅच्युसेट्समध्ये १९६२ पर्यंत सील मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. १९७२ च्या कायद्याने सागरी सस्तन प्राण्यांना संरक्षण मिळाले, सील परतले, आणि त्यांच्या मागोमाग मोठे पांढरे शार्कही. २०१८ मध्ये केप कॉडवरच्या वेलफ्लीटला शार्कच्या हल्ल्यात एकाचा मृत्यू झाला. त्या राज्यात १९३६ नंतर असे घडले नव्हते. शार्कचा इशारा देणारा जांभळा झेंडा किंवा पाटी दिसली तर कंबरेएवढ्या पाण्यापलीकडे जाऊ नये, आणि जवळपास सील पोहताना दिसले तर पाण्यात उतरूच नये.

पॉइंट रेजचे वेगळेपण म्हणजे गोठे. १९६२ मध्ये सीशोर झाले तेव्हा तिथे दुभत्या गाईंची जुनी फार्म होती. सरकारने जमीन घेतली आणि तीच फार्म भाड्याने चालू ठेवली. गुरांमुळे पाणी घाण होते, रानातल्या ट्यूल एल्क हरणांना जागा उरत नाही, असे म्हणत पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये समझोता जाहीर झाला: चौदापैकी बारा फार्म मोबदला घेऊन उठणार. तिथे राबणाऱ्या कामगार कुटुंबांच्या घरांचा प्रश्न त्यातून उभा राहिला. निसर्ग राखायचा म्हणून माणसे उठवावीत का, हा प्रश्न धरण आणि अभयारण्ये पाहिलेल्या मराठी वाचकाला नवा नाही. मला त्याचे सोपे उत्तर दिसत नाही.

पाहायला हे ठिकाण अपूर्व आहे. सॅन आंद्रियास भ्रंशरेषेच्या दोन बाजूंना दोन भूपट्ट आहेत, आणि १९०६ च्या भूकंपात इथली जमीन पाच मीटरच्या आसपास सरकली. तुटून बाजूला गेलेल्या कुंपणाची जागा एका छोट्या वाटेवर दाखवली आहे. १८७० च्या दीपगृहाला ३१३ पायऱ्या उतरून जावे लागते, म्हणजे तेवढ्याच चढूनही याव्या लागतात. वारा फार असला की जिना बंद करतात. हिवाळ्यात एलिफंट सील पिल्ले घालायला येतात, जानेवारीपासून व्हेल जाताना दिसतात. उन्हाळ्यात मात्र धुके आणि थंडी. पाणी इतके गार आणि लाटा इतक्या दगाबाज की पोहायचा विचारच नको. एखादी लाट अचानक इतरांपेक्षा कितीतरी वर चढते, म्हणून समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये.

पैसे, पास आणि परवानगी

पॉइंट रेज, हॅटरस, केप लुकआउट, फायर आयलंड इथे प्रवेश शुल्क नाही. जिथे आहे तिथे ते बहुधा गाडीमागे असते. म्हणजे एका पासवर गाडीतले सगळे आत जातात, भारतातून आलेले आई-बाबाही. १ जानेवारी २०२६ पासून वार्षिक पास अमेरिकेतल्या रहिवाशांना ८० डॉलर आणि बाहेरच्यांना २५० डॉलर झाला आहे. बाहेरच्यांना अकरा गजबजलेल्या पार्कमध्ये माणशी १०० डॉलर जास्तीचे लागतात. त्या यादीत सीशोर नाहीत, पण किनाऱ्यावरचे अकेडिया आणि एव्हरग्लेड्स आहेत. ६२ वर्षांपुढचा स्वस्त ज्येष्ठ पास फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतो, व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना नाही. कॅम्पिंग, फेरीबोट आणि वाळूवरची गाडी यांत पास चालत नाही.

एक नाजूक गोष्ट. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक घरांत अस्थिविसर्जनाचा प्रश्न येतो. पार्क सर्व्हिसच्या हद्दीत परवानगीशिवाय राख विसर्जित करता येत नाही. त्या पार्कच्या कार्यालयाला आधी विचारले तर बहुतेक ठिकाणी रीतसर मार्ग असतो. खोल समुद्रात करायचे असेल तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आत जावे लागते आणि विसर्जनानंतर तीस दिवसांच्या आत पर्यावरण खात्याला कळवावे लागते. फुले चालतात, प्लास्टिक नाही. गणपती विसर्जनासाठी किंवा मोठ्या मेळाव्यासाठीही आधी परवाना लागतो. मूर्ती, नारळ, निर्माल्य पाण्यात सोडून येणे हा तिथे कचरा टाकण्याचा गुन्हा ठरतो.

किनाऱ्यावर जीव जातात ते शार्कने क्वचित, समुद्राकडे खेचणाऱ्या रिप करंटने मात्र नेहमी. त्यात सापडले तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये. थकवा येतो आणि माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग वळावे. जीवरक्षक ठरावीक बीचवर, ठरावीक महिन्यांतच असतात. पूर्वेकडे गवतातून आल्यावर अंगावर गोचीड पाहावी, तिच्यामुळे लाइम आजार होतो.

कुठून कुठे जावे? न्यूयॉर्क-न्यू जर्सीवाल्यांना फायर आयलंड जवळ. फेरीने जायचे, आणि तिथल्या बऱ्याच भागात मोटारच नाही. अटलांटाहून कंबरलँडला जाता येते, पण दिवसाला तीनशेच पाहुणे घेतात आणि बेटावर दुकान नाही. फेरीची जागा बरीच आधी राखावी, जेवण आणि पाणी बरोबर घ्यावे. ऑर्लँडोजवळच्या कॅनव्हरलचा प्लायालिंडा बीच रॉकेट उडणार असेल तेव्हा बंद ठेवतात, म्हणून उड्डाणांचे वेळापत्रक पाहून निघावे. ह्यूस्टनकरांसाठी पाद्रे आयलंड. केम्प्स रिडलेची पिल्ले समुद्रात सोडण्याचा कार्यक्रम जून ते ऑगस्टमध्ये पहाटे होतो, लोकांना खुला आणि फुकट असतो. पिल्ले कधी बाहेर येतील हे आधी सांगता येत नाही, नक्की दिवस जेमतेम आदल्या दिवशी कळतो. तेव्हा दोन-तीन दिवस हाताशी ठेवून कॉर्पस क्रिस्टीला मुक्काम करावा, पार्कच्या सूचनांवर लक्ष ठेवावे, आणि अंधार असतानाच निघावे.